लाल दगडाची पलीकडची बाजू

"हलू नका!" मी ओरडले, आणि तो माणूस खरंच हलला नाही. जे. पी. नगरात सकाळी पावणेनऊला, बसस्टॉपच्या अलीकडे, घर न बांधलेल्या रिकाम्या साइटमधल्या कमरेएवढ्या काँग्रेस गवतात तो उजवा पाय अर्धा उचललेला तसाच ठेवून उभा राहिला. बेंगळुरात कुणावर असं ओरडलं तर तो आधी मागे बघेल, मग "येन् री, काय झालं?" म्हणेल, मग दोन शिव्या हासडून चालायला लागेल. हा मात्र जागच्या जागी थांबला. हातातली पिशवीसुद्धा त्याने हलू दिली नाही. शाळेची रिक्षा गेली, तिच्यातली पोरं त्याला बघून हसली. मला माझीच लाज वाटली. त्या साइटमध्ये साप असतील, फुटक्या बाटल्या असतील, शेजाऱ्यांनी भिंतीवरून टाकलेला कचरा तर असतोच. सुरुंग नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण मला ठाऊक असून उपयोग काय, माझ्या पायांना ते पटत नाही. परत आल्यापासून आठ महिने मी त्या साइटला वळसा घालून बसस्टॉपवर जाते. बाकीचे सगळे तिरपे आत शिरतात, त्यांच्या जाण्यायेण्याने चांगली पाऊलवाट पडली आहे. अम्मा रोज म्हणते, "तिकडनं जा की गं, स्वल्प लवकर पोचशील." मी जात नाही, आणि त्या वाटेवरून कुणी येताना दिसलं की दुसरीकडे बघते. आज तसं जमलं नाही, कारण त्या माणसाने मला "नीरजाबाई" अशी हाक मारली होती. इथे मी कुणाची अक्का आहे, कुणाची मेडम आहे. बाई म्हणणारी माणसं मला आयुष्यात एकाच ठिकाणी भेटली.

"पाय टेकू का, बाई?" त्याने विचारलं.

"टेका. काही नाही इथे. या."

तो पुढे आला नाही. हळूच वळला, ज्या पावलांनी आत शिरला होता त्याच पावलांवर पाय देत मागे गेला आणि साइटच्या कडेने, डांबरी रस्त्याने फिरून माझ्यापाशी आला. हे मीच शिकवलं होतं, तीस-चाळीस माणसांना वाळूत बसवून: संशय आला की थांबायचं, आणि आपल्याच पावलांवरून मागे यायचं. म्हणजे तेवढं तरी त्यांना समजलं होतं. जवळ आल्यावर मी त्याला ओळखलं. कल्लाप्पा. चिकोडीकडचा, दगड घडवणारा. कृष्णाबाईचा नवरा. पंधरा महिन्यांपूर्वी, पश्चिमेच्या सीमेवर मी कामाला होते तिथे, कृष्णाबाई सुरुंगावर गेली. तेव्हा त्याचे केस काळे होते. चौकशीच्या कागदावर माझा बेंगळुरचा पत्ता होता, तो त्याने गावच्या मास्तराकडून वाचून घेतला होता; रात्रभर बसमध्ये बसून सकाळी घरी पोचला तर अम्माने सांगितलं, आत्ताच गेली, त्या साइटमधून धावत गेलात तर गाठाल. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. माझी बस आली आणि गेली.

कोपऱ्यावरच्या दर्शिनीत मी त्याला नेलं. तिथे बसायला जागा नसते, छातीइतक्या उंच स्टीलच्या गोल टेबलांपाशी उभं राहून खायचं असतं. मी त्याच्यासाठी इडली-वडा घेतला आणि सवयीने बाय-टू कॉफी सांगितली, आणि एका कपाची दोन भांडी समोर आली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला मी अर्धा कप कॉफी देत होते. त्याला त्यात काही वाटलं नसावं. त्याने इडलीला हात लावला नाही. पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवली, डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि म्हणाला, "बाई, एकच इचारायला आलोय. त्या देवाचं नाव काय हुतं?"

मी विचारलं, "कुठल्या?" मला कळलं होतं कुठल्या. वेळ काढायचा होता.

"कृष्णीनं ज्याची पूजा केली त्यो. लाल. वाळूत हुता त्यो."

आणि मग त्याने सांगितलं. गावात त्याची आई सगळ्यांना सांगते की सून विटाळशी होती, तशीच देवाला शिवली, म्हणून देवाने तिला उडवली. "न्हवती ओ बाई. मला ठावं न्हाई व्हय? पर म्या कुनाकुनाला सांगायचं, आन् काय म्हनून सांगायचं?" मुलगी आहे, धनलक्ष्मी, बारा वर्षांची, तिकडे नव्हती, आजीजवळ गावातच होती. तिला आजी देवघरात जाऊ देत नाही. संध्याकाळचा दिवा लावू देत नाही. गल्लीत कुणाच्या घरी सत्यनारायण असला की तिला प्रसाद बाहेर आणून देतात. आईचा दोष पोरीत उतरलाय म्हणे, देव अजून रागात आहे म्हणे. गुरवाला विचारलं तर तो म्हणतो शांत करू, बकरं देऊ, पण देवाचं नाव कळल्याशिवाय कुणाच्या नावानं द्यायचं? परमुलखातला देव, इथे कुणाला ठाऊक? "तवा म्या म्हनलं, नीरजाबाईंस्नी ठावं असंल. तुमी तितल्या साऱ्या जमिनीचा नकाशा काढला हुता. आन् आपल्यातल्या हाईसा."

मी कॉफीच्या भांड्याकडे बघत राहिले. तो देव मी रंगवला होता.

एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा कॉलेजच्या फळ्यावर एक टंकलिखित कागद लागला होता. दिल्लीच्या कुठल्याशा खात्याने विद्यार्थ्यांसाठी काढलेली एक वर्षाची फेलोशिप, दरमहा मानधन, राहण्याजेवण्याची सोय, आणि विषय काय, तर भूसुरुंग काढणं, तेही मानवतेच्या भूमिकेतून. घरी सांगितलं तर अप्पा दुकानातून नुकतेच आले होते, आमचं चिकपेटेत कापडाचं दुकान आहे, चार पिढ्यांचं. ते म्हणाले, "सुरुंग पेरायला पगार देतात ते ऐकलं होतं. काढायलाही देतात? हौदा, खरंच?" अम्मा म्हणाली, पत्रिकेबरोबर मुलीची माहिती देताना मी काय लिहू, सुगरण आहे आणि सुरुंग काढते? आम्ही खूप हसलो. मी गेले, कारण चिकपेट आणि जे. पी. नगर यांच्यापलीकडे मला काहीतरी व्हायचं होतं, आणि हेही खरं की मला ते काम मनापासून आवडलं. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या सुभेदारांनी सांगितलेलं एक वाक्य मी वहीत दोनदा लिहून घेतलं होतं: फौजेला पलीकडे जायला एक वाट मिळाली की पुरते, पण शेतकऱ्याला सगळी जमीन लागते, शेवटच्या वितीपर्यंत. तीन महिने शिकून सप्टेंबरात आम्ही आठ जण सीमेवर गेलो. पंचवीस वर्षांपूर्वीच्या लढाईत पेरलेले सुरुंग वाळूत राहून गेले होते, आणि वाळू तर सारखी सरकते, तिच्याबरोबर तेही सरकले होते. आता तिथवर कालवा येत होता. सुरुंगाला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती, ते काम जवानांचं. आम्ही जमीन मोजायची, नकाशे काढायचे, लोकांना समजावायचं आणि धोक्याच्या जमिनीची हद्द आखायची.

हद्द आखायला लाकडी खुंट्या आल्या, त्या लोकांनी चुलीत घातल्या. कवटी काढलेल्या पत्र्याच्या पाट्या आल्या, त्या शेळ्यांच्या छपरांवर गेल्या. एका छपरावर ओळीने चार कवट्या होत्या आणि खाली शेळ्या निवांत रवंथ करत होत्या. तेव्हा मी म्हटलं, दगड ठेवू या, लाल रंगवून. दगड कोण चोरणार? बाहेरच्या देशांतही असे दगड वापरतात, पुस्तकात होतं, पण त्या तंबूत ते सुचलं मला. जवानांच्या तुकडीवरच्या मेजरसाहेबांनी खूश होऊन टेबलावर थाप मारली. कालव्याच्या कामावरून घडवलेल्या दगडांचा एक ट्रक आला, रंगाचे डबे आले, आणि पहिला दगड मी स्वतः रंगवला. रंगवून दोन पावलं मागे सरले आणि पाहिलं. नजर पोचेल तिथपर्यंत वाळू, आणि तिच्यात तो एकटा, ओला, लालभडक. मला हसू आलं. बरोबरच्या जवानाने विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, "हमारे यहाँ इसको नारियल चढ़ाते हैं." तोही हसला. मग मी दुसरा दगड ओढून घेतला. हे सांगायला मला कितीतरी महिने लागले आहेत, निदान स्वतःला सांगायला. मला ठाऊक नव्हतं असं नाही. कानडी काय, मराठी काय, आमच्या सगळ्या मुलखात दगडाला लाल रंग लावला की तो देव होतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. माझी अम्मा दर मंगळवारी वाकडी वाट करून तसल्याच एका दगडाला हळदकुंकू लावून येते. मला ते ठाऊक होतं, मी त्यावर विनोदही केला, आणि तरी पुढचे साठ दगड रंगवले.

कालव्याच्या कडेला दगड बसवणाऱ्यांची वस्ती तिथून दहा मिनिटांच्या वाटेवर होती. चिकोडी, अथणी, निपाणीकडची माणसं. मला ती सापडली तेव्हा केवढा आनंद झाला होता. त्या उन्हात, हिंदी बोलून बोलून जीभ सुकलेली असताना, कुणीतरी "ये की गं" म्हणत होतं. माझं मराठी म्हणजे घरातलं, स्वयंपाकघरातलं, अर्धं कानडी. पुण्याच्या आतेबहिणी त्याला हसतात. कृष्णाबाई हसली नाही. तिला उलट बरं वाटलं, कारण तिचंही तसंच होतं. मग एके दिवशी त्या वस्तीत आमची सभा झाली. छापील कागद हिंदीत होता आणि तो तसाच वाचायचा असा नियम होता. दिल्लीहून कुणी पाहुणे आले होते, मेजरसाहेब होते, फोटो काढायला एक जण होता. मी वाचत होते. लाल पत्थर दिखे तो रुक जाओ, लाल पत्थर के उस पार मौत है. कृष्णाबाई पहिल्या रांगेत बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन. लांब, तिच्या उजव्या हाताला दगडांची ती ओळ दिसत होती. मी मौत म्हटलं तेव्हा तिने तिकडे वळून पाहिलं आणि हात जोडले. अगदी थोडा वेळ. मग हातांची बोटं कपाळाला लावली आणि पुन्हा माझ्याकडे बघायला लागली, वर्गातली शहाणी मुलगी बघते तशी. मी ते पाहिलं. माझं वाक्य अर्ध्यावर होतं. तिथेच कागद खाली ठेवून मराठीत म्हणायला हवं होतं, बाई गं, तो देव नाही, दगड आहे, मीच रंगवलाय. एवढंच. पण पाहुणे ऐकत होते, सभा छान चालली होती, आणि त्या सगळ्यांसमोर माझं ते घरचं मराठी काढायची मला लाज वाटली. नंतर सांगू, असं म्हटलं आणि वाक्य पूर्ण केलं. फोटो चांगला आला. त्या फोटोत मी आहे, आणि तीही आहे.

तिला सांगायचं मी विसरले नाही, विसरले असते तर बरं झालं असतं. रोज आठवायचं आणि रोज वाटायचं, शुक्रवारी शिधा घ्यायला येतील तेव्हा सांगू. एक शुक्रवार तसाच गेला. अकराव्या दिवशी, पुन्हा शुक्रवारीच, सकाळी आवाज झाला. धावायचं नसतं, तरी आम्ही धावलो. तिच्याबद्दल मी फारसं सांगणार नाही. ती जीपमध्ये गेली, दवाखान्यात पोचायच्या आधी, आणि शेवटपर्यंत तिला वाटत होतं की तिचं काहीतरी चुकलं. कल्लाप्पा आमच्या आधी पोचला होता, दगडांची ओळ ओलांडून आत. जवानांनी लांबून त्याला ओरडून सांगितलं, हिलो मत, आणि तो एका पायावर थांबला, तिच्यापासून दहा हातांवर. त्याच्यापर्यंत सुरक्षित वाट आखायला जवानांना चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तो जागचा हलला नाही.

दुपारी मी ठशांची मापं घेतली. ते माझं कामच होतं. वाळूत सगळं स्वच्छ उमटलं होतं. ती वस्तीकडून सरळ आली होती. दगडापासून चार हातांवर तिने चपला काढून ठेवल्या होत्या, नीट, जोडीने. मग अनवाणी पावलं, मग गुडघे टेकल्याच्या दोन खुणा. दगडावर हळद होती, कुंकू लालावर लाल असल्याने जवळ गेल्याशिवाय दिसत नव्हतं. तिथपर्यंत काही धोका नव्हता. दगडाच्या अलीकडची जमीन मी स्वतः तपासून घेतली होती, ती तिथे तासभर बसली असती तरी चाललं असतं. पूजा करून, नमस्कार करून आली असती तर आज चिकोडीत असती. पण देवाला नुसता नमस्कार करून आपल्यातलं कोण परततं? ती उठली आणि देव उजव्या हाताला ठेवून तिने प्रदक्षिणा सुरू केली. चार पावलं मी मोजली. पाचवं दगडाच्या पलीकडे होतं. आम्ही हद्दीची रेघ काढली होती, त्या रेघेला बाजू दोन होत्या. तिच्या दगडाला बाजूच नव्हती, त्याच्याभोवती फिरायचं असतं. एवढी साधी गोष्ट. आठही फेलोंमध्ये ती फक्त मला सुचू शकली असती. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं की हद्द नियमाप्रमाणे आखलेली होती, वस्तीला पूर्वसूचना दिलेली होती आणि मृत महिलेने हद्द ओलांडली. त्यातला शब्द न शब्द खरा होता. खाली मी सही केली. पुढच्याच आठवड्यात सगळे दगड मी निळे रंगवून घेतले, आणि वहीत कारण लिहिलं, उन्हाने लाल रंग विटतो.

"बाई," कल्लाप्पा म्हणाला, "ठावं न्हाई व्हय?"

मला नाव सांगता आलं असतं. खोटं बोलायलाही लागलं नसतं फार, नाव जिभेवर आलं होतं. तिकडच्या वाळवंटात असतो असा कुठलाही एक देव, जरासा रागीट, बकऱ्याने शांत होणारा. मी नाव दिलं असतं तर त्याने ते घोकत घोकत चिकोडी गाठली असती, बकरं दिलं असतं, आणि आठ दिवसांत ती पोर देवघरात दिवा लावायला लागली असती. खरं सांगून तिला काय मिळणार होतं? तिची आजी सरकारी दगडावर विश्वास ठेवणार नव्हती. आणि खरं सांगायची ही जी घाई मला सुटली होती ती त्याच्यासाठी होती की माझ्यासाठी, हेही मला नीट कळेना. पण खोटं नाव दिलं की कृष्णाबाई कायमची विटाळशी ठरणार होती. बकरं देऊन देव शांत झाला असता, म्हणजे तिने त्याला चिडवलं होतं हे पक्कं झालं असतं. शेजारच्या टेबलावर दोन कॉलेजची मुलं मोठमोठ्याने क्रिकेटबद्दल बोलत होती. मी म्हटलं, "कल्लाप्पा, तो देव नव्हता."

तो ऐकत राहिला. मी सगळं सांगितलं, याच मराठीत, लाज न वाटता. पाट्या चोरीला गेल्या ते, दगड मला सुचले ते, रंगाचा डबा, पहिला दगड, मी हसले तेही. त्याने मध्ये एकदाच विचारलं, "धोंडं आमच्याच ढिगातलं व्हय?" मी हो म्हटलं. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं आणि ते टेबलाखाली घेतले. मग मी सभेचं सांगितलं. तिने हात जोडले, मी पाहिलं, आणि वाचत राहिले. हे सांगताना मी थांबले नाही, कारण थांबले असते तर तो मलाच धीर देत बसला असता, तसा माणूस आहे तो.

दर्शिनीतला पोऱ्या टेबल पुसायला आला, न खाल्लेल्या इडल्या बघून परत गेला. मग कल्लाप्पा म्हणाला, "म्हंजी तिनं काय केलं न्हाई."

"काही नाही."

"चपला काढून ठिवल्या हुत्या?"

"हो. जोडीने."

"तशीच हुती ती," तो म्हणाला, आणि मान हलवत राहिला. मग म्हणाला, लिहून द्या. पोरीसाठी. तिला वाचता येतं. मी पर्समधून वही काढली. मराठी लिहायची मला सवय नाही, शाळा कानडीत झाली, पुढचं सगळं इंग्रजीत. ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकलं असणार. धनलक्ष्मीस, असं वर घातलं. तुझ्या आईची काही चूक नव्हती, तो दगड होता, तो मी रंगवला होता, ती देवाला नमस्कार करते आहे हे मी पाहिलं होतं आणि तिला सांगितलं नाही. खाली नाव, पत्ता, सही, सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली तारीख. त्याने कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मी म्हटलं, मी येते ना तुमच्याबरोबर, आत्ता निघू, तुमच्या आईला मी समोर बसून सांगते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नगं. तुमी आला तर आई तुमाला पाट दील, कुंकू लावंल, सरकारातली बाई आली म्हनून पाया पडंल. त्ये मला बगवायचं न्हाई."

मॅजेस्टिकच्या बसस्टँडवरून दुपारची गाडी होती. मी ऑफिसात फोन केला नाही, त्याच्याबरोबर सिटी बसने तिथवर गेले. तो खिडकीतून बाहेर बघत होता, मी त्याच्या मांडीवरच्या पिशवीकडे. कागद त्याने टोपीच्या घडीत ठेवला होता. स्टँडवर नेहमीची झुंबड होती, चिकोडीची गाडी फलाटाला लागली होती, आणि कंडक्टर हुबळी, बेळगाव, चिकोडी असं ओरडत होता. कल्लाप्पा पायरीपाशी थांबला. लोक त्याला ढकलून वर चढत होते, तरी तो चढेना.

"बाई, एक सांगू?" तो म्हणाला. "पंधरा म्हैने झालं, रोज संद्याकाळी म्या त्या देवाला शिव्या देतो. मळ्यात जाऊन, मोठ्यानं. आईमाईवरनं. भडव्या म्हनतो, तुला दुसरं कोन गावलं न्हाई व्हय, म्हनतो. जरा हलकं वाटतंय. रातीला भाकरी जाती घशाखाली." त्याने टोपी डोक्यावर नीट बसवली. "आता त्येबी ऱ्हाईलं न्हाई. आता कुनाला देऊ?"

"मला द्या," मी म्हणाले.

तो हसला नाही, आणि नाहीही म्हणाला नाही. पिशवी खाली ठेवून माझ्यासमोर नीट उभा राहिला. मला वाटतं त्याने खरोखर प्रयत्न केला. त्याचे ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली, डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलले नाहीत, आणि मी वाट बघत उभी राहिले, तिथल्या सगळ्या गर्दीत, अगदी मनापासून वाट बघत. कंडक्टरने बसच्या पत्र्यावर थापा मारल्या. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

"न्हाई येत, बाई," कल्लाप्पा म्हणाला. त्याने पिशवी उचलली आणि तो गाडीत चढला.